बेळगावात राहून सीएसएफ देणारे मेंदूचे ऑर्गनॉइड कसे वाढवायचे: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळलेली मुलं-मुली मला एकच गोष्ट विचारतात: "मॅडम, हे काम करायचं तर बेंगळुरू नाहीतर पुणंच गाठायला हवं का?" शिकायला जावंच लागतं. निदान सहा-आठ आठवडे चालू प्रयोगशाळेत उभं राहून हात बसवावा लागतो. पण शिकून परत येऊन इथंही काम उभं राहतं. मी ते केलं आहे. मात्र त्यात जी दोन वर्षं गेली, त्यातलं निम्मं तरी कुणी आधी सांगितलं असतं तर वाचलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी समजून घ्या, आपण नेमकं काय वाढवतो

मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. त्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाची झालरीसारखी ऊती लोंबत असते. मेंदूभोवती आणि मणक्यात खेळणारा द्रव, म्हणजे सीएसएफ, मुख्यतः तीच तयार करते. दवाखान्यात आपली माणसं त्याला "पाठीतलं पाणी" म्हणतात. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १२५ ते १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात जवळजवळ ५०० मिलिलिटर नवा बनतो. म्हणजे सगळा द्रव दिवसातून तीन-चार वेळा बदलतो. हे चक्र बिघडलं की काय होतं, ते हायड्रोसेफलस झालेल्या बाळाचं डोकं ज्यानं पाहिलं त्याला वेगळं सांगायला नको.

जिवंत माणसाची कोरॉइड प्लेक्सस अभ्यासाला मिळत नाही, म्हणून ऑर्गनॉइड, म्हणजे बशीत वाढवलेला ऊतीचा बारीक गोळा. २०१३ साली व्हिएन्नातल्या युर्गन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेत मॅडलिन लँकेस्टर यांनी मूळपेशींपासून (ज्यांच्यापासून कुठलीही ऊती घडू शकते) मेंदूसारखी त्रिमित ऊती वाढवून दाखवली. पुढे केंब्रिजच्या एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीत त्यांच्याच गटातल्या लॉरा पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कोरॉइड प्लेक्ससचे ऑर्गनॉइड वाढवले. ते स्वतः सीएसएफसारखा द्रव स्रवत होते आणि तो आत साठवत होते. आपण याच वाटेनं जाणार आहोत.

कल्पना सोपी आहे. गर्भात मेंदूची नळी तयार होते तेव्हा तिच्या पाठीकडच्या मधल्या रेषेवर बीएमपी आणि विंट हे दोन रासायनिक संदेश जोरात असतात. तिथल्या पेशींची कोरॉइड प्लेक्सस होते, शेजारच्यांची कॉर्टेक्स. बशीत आपण तेच दोन संदेश योग्य आठवड्यात बाहेरून देतो. हे मनात पक्कं ठेवा, कारण पुढं काही बिघडलं तर "संदेश चुकला की वेळ चुकली?" हाच पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा असतो.

२. कागदपत्रं

हे काम आवडत नाही म्हणून मागं ढकलू नका. प्रयोग उभा राहायला लागतो त्याहून जास्त वेळ परवानग्यांना लागतो. जमवायचे कागद असे:

- संस्थेच्या मूळपेशी संशोधन समितीची मंजुरी. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही समिती राष्ट्रीय सर्वोच्च समितीकडे नोंदलेली लागते. तुमच्या संस्थेत ती नसेल तर आधी ती उभी करण्याचा अर्ज.
- दात्याचं रक्त, त्वचा किंवा रुग्णाचा सीएसएफ वापरणार असाल तर मानवी संशोधनाच्या एथिक्स कमिटीची वेगळी मंजुरी.
- जनुकं बदललेल्या पेशी किंवा विषाणू वापरून पेशी घडवणार असाल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी.
- ज्या संस्थेकडून पेशी घेता तिच्याबरोबरचा साहित्य-हस्तांतरण करार, दोन्हीकडच्या सह्यांसह.
- पेशींबरोबर आलेली तपासणीपत्रं: गुणसूत्रं, मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून राहणारे जीवाणू), ओळख पटवणारी एसटीआर चाचणी.
- जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्याशी झालेल्या व्यवस्थेची प्रत.

संमतीपत्राबद्दल जरा सविस्तर, कारण सीमाभागात इथंच सगळ्यात जास्त चूक होते. पत्र इंग्रजीत तयार होतं, त्याचं कानडी भाषांतर होतं आणि मराठी घरातली बाई आपल्या मुलासाठी त्यावर सही करते. मराठी आणि कानडी, दोन्ही प्रती हव्यात. त्या आधी कुठल्यातरी गावातल्या माणसाकडून वाचून घ्या. "प्रेरित बहुसक्षम मूळपेशी" असं लिहून कुणाला काही कळत नाही. "तुमच्या रक्तातल्या पेशी परत लहान करून त्यांच्यापासून मेंदूच्या ऊतीचा बारीक गोळा वाढवणार आहोत" असं लिहिलं की लोक प्रश्न विचारायला लागतात. प्रश्न आले म्हणजे कळलं.

खानापूर तालुक्यातली एक आई माझ्यासमोर बसली होती. बाळाच्या डोक्यात शंट, म्हणजे जादा पाणी काढून देणारी नळी, बसवलेली. सगळं ऐकून तिनं विचारलं, "ह्यानं माझं बाळ बरं होईल का?" मी म्हटलं, "नाही ताई. ह्या कामाचा तुमच्या बाळाला उपयोग होणार नाही. कदाचित पुढं कधीतरी दुसऱ्या कुणाला होईल." ती बराच वेळ गप्प होती. मग दोन दिवसांनी नवऱ्याला घेऊन आली आणि सही केली. "हो" हे उत्तर त्या दिवशीच मिळालं असतं, डॉक्टरसमोर आपली माणसं नाही म्हणत नाहीत. म्हणून दोन दिवस मध्ये जाऊ द्या, घरी विचारून येऊ द्या. आणि मूळपेशींचं इंजेक्शन देऊन मेंदूचे आजार बरे करतो म्हणणारं कुणी त्यांना भेटलं असेल, तर स्पष्ट सांगा की अशा उपचाराला मान्यता नाही. रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण ही वेगळी गोष्ट आहे.

३. पेशी कुठून आणि कशा आणायच्या

स्वतः आयपीएस (प्रेरित बहुसक्षम मूळ) पेशी घडवण्याच्या मागं पहिल्या वर्षी लागू नका. तयार, तपासलेली लाईन, म्हणजे एकाच दात्याच्या पेशींचा वाढता साठा, घ्या. पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि बेंगळुरूच्या मूळपेशी संस्था, दोन्हीकडे चौकशी करा. अंतराच्या हिशेबानं पुणं आपल्याला जवळ आहे.

गोठवलेल्या कुप्या द्रव नायट्रोजनच्या बंद शिपरमध्ये किंवा कोरड्या बर्फात येतात. कोरडा बर्फ स्वतःच्या गाडीतून आणणार असाल तर काचा उघड्या ठेवा. बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जिवावर बेततं. बस किंवा पार्सलवर विसंबू नका. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात. एकदा माझ्या कुप्या असल्याच दिवसांत सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं अडकल्या आणि पोचल्या तेव्हा डब्यात बर्फाचा चुरासुद्धा उरला नव्हता. त्या पेशी उठल्याच नाहीत. तेव्हापासून मी स्वतः जाते, आणि विधानसभा अधिवेशनाचे व एक नोव्हेंबरच्या (काळ्या दिवसाच्या) आसपासचे दिवस टाळते.

द्रव नायट्रोजन इथं मिळेल का, याची काळजी करू नका. आपल्याकडं म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव नायट्रोजनचे कॅन फिरतात. पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा, भरून देणाऱ्यांचा पत्ता तिथंच लागतो. कॅन घेतल्यावर आठवड्यातून एकदा लाकडी पट्टीनं पातळी मोजून वहीत लिहा.

४. खोली, साधनं आणि आपला पाऊस

लागणारी साधनं: क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट, ३७ अंश व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर, फेज कॉन्ट्रास्टचा उलटा मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, उणे ८० चा फ्रीझर, इनक्युबेटरच्या आत चालणारा ऑर्बिटल शेकर, न चिकटणाऱ्या तळाच्या प्लेटा, मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल), रुंद तोंडाच्या टिपा (साध्या टिपांचं टोक निर्जंतुक कात्रीनं कापलं तरी चालतं).

शेकरची मोटर गरम होते आणि बंद इनक्युबेटरचं तापमान अर्धा-एक अंशानं चढवते. डिस्प्लेवर ३७ दिसतं ते सेन्सरजवळचं. शेकरच्या थाळीवर वेगळा थर्मामीटर ठेवून दोन दिवस बघा आणि मगच पेशी आत घाला.

वीज गेल्यावर इनक्युबेटर, शेकर आणि उणे ८० तिन्ही बॅकअपवर आहेत ना, हे मेन स्विच बंद करून प्रत्यक्ष तपासा. कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आणि जून ते सप्टेंबर. बेळगावच्या पावसात भिंतीला ओल येते, कपाटातल्या पुस्तकांना वास येतो, आणि बुरशी पेशींच्या खोलीत शिरायला टपलेली असते. माझ्याकडं ती पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून आली. प्लेटांचं खोकं कोपऱ्यात महिनाभर पडलं होतं. उचललं तर तळाला पांढरी लव. आता पुठ्ठा खोलीच्या दाराबाहेरच फोडला जातो आणि आत फक्त प्लास्टिकचं पाकीट जातं. ओल्या छत्र्या, ओल्या चपला बाहेर. इनक्युबेटरच्या पाण्याचं भांडं दर आठवड्याला निर्जंतुक पाण्यानं बदला.

५. दोन महिने फक्त पेशी सांभाळा

ऑर्गनॉइड वाढवायची घाई सगळ्यांना असते. पण ऑर्गनॉइड बिघडला, तर दहापैकी आठ वेळा दोष आधीच्या मूळपेशींत असतो. हा माझा अनुभव आहे, आणि ज्यांच्याकडं शिकले त्यांचाही.

रोज मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदला, रविवारीसुद्धा. वसाहती ७०-८० टक्के भरल्या की ईडीटीएनं लहान गुच्छांत सोडवून पास करा, म्हणजे नव्या प्लेटमध्ये हलवा. चांगल्या वसाहतीची कड स्वच्छ असते, पेशी दाटीवाटीनं बसलेल्या, मोठं केंद्रक, मधे फटी नाहीत. कडेनं पसरट, मळकट पेशी निघाल्या की त्या विशेषीकरणाकडं, म्हणजे एका ठरावीक प्रकारची पेशी होण्याकडं, वळल्या. थोड्या असतील तर खरवडून काढा, जास्त असतील तर प्लेट टाकून द्या आणि जुनी कुपी काढा. टाकून द्यायला जीव होत नाही, पण टाकाच.

महिन्यातून एकदा मायकोप्लाझ्माची पीसीआर करा. काही पासांनंतर गुणसूत्रं तपासा. मूळपेशींत २० व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची जादा प्रत वरचेवर येते, अशा पेशी जोमानं वाढतात आणि म्हणूनच फसवतात.

मॅट्रिजेल १० अंशांच्या वर घट्ट होऊ लागतं. आदल्या रात्री बर्फाच्या पेटीत घालून फ्रीजमध्ये वितळू द्या, टिपा आणि नळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत हे काम उरका.

६. दिवस शून्य शनिवारी

कॅलेंडर घेऊन बसा. शनिवारी पेशी टाकल्या तर सोमवार आणि बुधवारी मीडिया घालायचा, गुरुवारी पाचवा दिवस, पुढच्या शनिवारी सातवा, मंगळवारी दहावा आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी सतरावा. एकही मोठं काम रविवारी येत नाही. शिवाय पहिले चोवीस तास प्लेट हलवायची नसते, तो रविवार आपोआप मिळतो. गणपती विसर्जनाच्या आसपास सुरुवात करू नका. आपल्याकडं मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रस्ते बंद असतात आणि प्रयोगशाळेपर्यंत पोचता येत नाही.

अ‍ॅक्युटेज या एन्झाइमनं पेशी सुट्या करा, मोजा, गोल तळाच्या ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ९,००० टाका. तुमच्या लाईनसाठी ४,००० ते ९,००० या दरम्यान एकदा पडताळून बघा. सुट्या पेशी मरू नयेत म्हणून वाय-२७६३२ हे औषध १० मायक्रोमोलर घाला. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशी वेलमध्ये फक्त चुरा दिसेल.

पाचव्या दिवशी गोळा ४०० ते ६०० मायक्रोमीटरचा, गुळगुळीत आणि कडेला उजळ दिसायला हवा. तसा दिसला की त्याला न्यूरल इंडक्शन मीडियात (मेंदूच्या दिशेनं वळवणाऱ्या द्रावणात) हलवा. सातव्या दिवशी मॅट्रिजेलच्या थेंबात बसवा: पॅराफिल्मवर खळगे करा, गोळा रुंद टिपेनं ठेवा, जादा मीडिया काढून घ्या, वर साधारण १५ मायक्रोलिटर मॅट्रिजेल, ३७ अंशांवर अर्धा तास. गोळा थेंबाच्या मध्यावर आणायला टिपेच्या टोकानं अगदी हलकं ढकला. पहिल्यांदा हात कापतो. रिकामे थेंब घेऊन दहा-पंधरा वेळा सराव करा.

७. दहावा ते सतरावा दिवस

दहाव्या दिवशी मॅच्युरेशन (ऊती पक्व करणाऱ्या) मीडियात दोन गोष्टी घाला: बीएमपी-४, २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि सीएचआयआर-९९०२१, ३ मायक्रोमोलर. दुसरं औषध विंटचा संदेश चालू करतं. आठवडाभर द्या, सतराव्या दिवशी काढा. शेकरचा वेग मिनिटाला ६० ते ९० फेरे, ऑर्बिटच्या व्यासाप्रमाणे. गोळे तरंगत हलायला हवेत, एकमेकांवर आपटायला नकोत.

बीएमपी-४ च्या बारीक कुप्या करून उणे ८० ला ठेवा आणि एकदा वितळलेली परत गोठवू नका. आणि दरवेळी काही गोळे ही दोन औषधं न देता बाजूला वाढवा. त्यांच्याशिवाय पुढं काहीच सिद्ध करता येणार नाही.

८. फुगा दिसला म्हणून आनंदून जाऊ नका

पुढच्या आठवड्यांत गोळ्यांच्या कडेला पारदर्शक फुगे येऊ लागतात. पहिला फुगा मी पाहिला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. गुलाबी मीडियात अगदी काचेसारखा स्वच्छ थेंब, पातळ भिंत, आतून बारीक घड्या. मी त्या रात्री घरी जाऊन सगळ्यांना फोटो दाखवला.

तो कोरॉइड प्लेक्सस नव्हता. त्या बॅचच्या चाळीसेक फुग्यांतला द्रव मी पाच महिने जमवला, गोठवला, प्रथिनं मोजली, तक्ते केले. मग वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) केला तेव्हा कोरॉइड प्लेक्ससच्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाची रेघच आली नाही. पाचव्या दिवशीचे गोळे नीट मेंदूच्या दिशेनं वळले नव्हते, आणि अशा गोळ्यांतूनही पाण्यानं भरलेले फुगे निघतात, फक्त ते मेंदूच्या ऊतीचे नसतात. दिसायला मात्र फसवे.

तेव्हा ही तपासणी आधी करा, द्रव जमवण्याच्या आधी. प्रत्येक बॅचमधले दोन-तीन गोळे बळी द्या, गोठवून काप काढा आणि रंगवा. ट्रान्सथायरेटिन हवंच, ते कोरॉइड प्लेक्ससचं ओळखपत्र आहे. पाणी वाहून नेणारं अ‍ॅक्वापोरिन-१ हे प्रथिन पेशींच्या द्रवाकडच्या बाजूला दिसायला हवं. पेशींमधले घट्ट सांधे झेडओ-१ या सांध्यांतल्या प्रथिनाला रंगवल्यानं अखंड जाळीसारखे दिसायला हवेत. भिंत घनाकृती पेशींच्या एकाच थराची आणि घड्याघड्यांची असेल तर मन निश्चिंत होतं. सपाट, ताणलेल्या, घडी नसलेल्या भिंतीचा फुगा संशयास्पद समजा.

भिंत गळकी आहे का, तेही बघा. मीडियात चमकणारं डेक्स्ट्रान (साखरेचा मोठा रेणू) घाला आणि काही तासांनी फुग्याच्या आत चमक शिरली का ते मायक्रोस्कोपखाली बघा. चमक आत गेली तर तो द्रव म्हणजे बाहेरचा मीडियाच आहे.

९. द्रव काढणं आणि ठेवणं

आठव्या आठवड्याच्या आत मी सुई लावत नाही. फुगे लहान असतात, एका टोचण्यात कोसळतात.

गोळा आधी मीडियातून काढून कोमट, रंगहीन, प्रथिनं नसलेल्या द्रावणात दोनदा बुडवा. बाहेर चिकटलेला एक थेंब मीडियाही पुढची सगळी मोजणी बिघडवतो, कारण त्यात गाईचं अल्ब्युमिन आणि इन्सुलिन भरपूर असतं. मग सर्वांत बारीक इन्सुलिनची सुई फुग्याच्या पातळ बाजूनं, ऊतीकडं न जाता, तिरकी घाला आणि दट्ट्या अगदी हळू ओढा. घाईनं ओढला की भिंत सुईला चिकटते. मिळतो तो काही मायक्रोलिटर, मोठ्या फुग्यातून थोडा जास्त. द्रव लगेच बर्फावर, मग सेंट्रिफ्यूज करून तुटलेल्या पेशी खाली बसवा, वरचा भाग प्रथिनं न चिकटणाऱ्या नळीत, उणे ८० ला. एका नळीत पाच मायक्रोलिटरपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे एकच नळी परत परत वितळवावी लागत नाही.

त्याच वेलमधला मीडियाही त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं गोठवा. मास स्पेक्ट्रोमेट्रीला (प्रथिनं ओळखणाऱ्या तपासणीला) पाठवताना दोन्ही नमुने जोडीनं जायला हवेत आणि तिथल्या माणसाला आधीच सांगा की गाईची आणि उंदराची प्रथिनं वेगळी काढायची आहेत. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीतून येतं, ते विसरलं जातं.

या द्रवाकडून काय मागायचं, तेही ठरवून ठेवा. कुठलं औषध रक्ताकडून सीएसएफकडं जाऊ शकतं, कोरॉइड प्लेक्ससच्या कुठल्या पेशी काय स्रवतात, विषाणू ही भिंत कशी फोडतो, हे विचारता येतं. २०२० मध्येच केंब्रिजच्या गटानं कोरोना विषाणू याच पेशींना लागण करतो आणि अडसर गळका करतो, हे अशा ऑर्गनॉइडवर दाखवलं. मात्र यात रक्तवाहिन्या नाहीत, द्रवाचा निचरा होण्याची वाट नाही, हृदयाचा ठोका नाही. त्यामुळं हायड्रोसेफलसमध्ये पाणी कुठं अडतं, हे या गोळ्याला विचारू नका. पाणी किती आणि कसं बनतं, हे विचारा.

नळीवर पेन्सिलीनं किंवा उणे ८० ला न पुसणाऱ्या पेननं लिहा: लाईनचं नाव, पास क्रमांक, दिवस शून्याची तारीख, काढल्याची तारीख, गोळ्याचा वेल क्रमांक. कुठल्या गोळ्याची ट्रान्सथायरेटिन तपासणी झाली तेही त्याच वहीत, त्याच ओळीत. माझ्या त्या पाच महिन्यांच्या नळ्या अजून फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या खणात आहेत, वेगळ्या लाल झाकणांच्या. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी मी त्याला तो खण उघडून दाखवते, आणि मग वरच्या खणातल्या निळ्या झाकणांची पहिली नळी त्याच्या हातात देते.